प्रवाळातली खेकडी

मंगळवार, ता. ९

आई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं की तुम्ही पत्र बाजूला ठेवून मुंगीला म्हणता, "तुझ्या आईला काहीतरी झालंय." म्हणून तसं लिहीत नाही. हवा खराब आहे, बोट हलते आहे, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येतंय, तेवढं सांभाळून घ्या. चष्मा लावून वाचा. शिवणाचा नाही, वाचायचा.

मुंगीचा खोकला गेला का? तिला विचारलं तर एकदा "गेला" म्हणाली आणि एकदा खोकलीच. दात पडल्याचं मात्र दर फोनला सांगते. तुमच्या गुडघ्याचं विचारत नाही, कारण तुम्ही खरं सांगणार नाही. तसंही फोनवर तुम्ही शिलाई मशीन चालू ठेवूनच बोलता. अर्धं तुमचं ऐकू येतं, अर्धं मशीनचं, म्हणून पत्रच बरं. कपाट आवरून झालं का? मुंगी म्हणाली, आजीने गरम कपडे वेगळे काढलेत. एवढ्यात थंडी कुठे आहे?

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येते. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं त्या काटेरी जनावराच्या मागे लागली आहेस, पण ते खातं तरी कसं? मुंगीने विचारलं आणि मला सांगता येईना." तुम्हाला एखादी गोष्ट सांगता आली नाही हे तुम्ही स्वतःहून कबूल केलंत, याची बातमी मी बोटीवर सगळ्यांना दिली. मास्तर म्हणाले, असं पत्र लिही की बाईंना पुन्हा कधी विचारावं लागू नये. मास्तर म्हणजे पाण्यातले माझे जोडीदार. पूर्वी मुलांना पोहायला शिकवायचे, आता माझ्याबरोबर तारामासे मारतात. खाली गेलो की एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हा आमचा नियम.

तर साधा तारामासा पाच हातांचा, मुंगीच्या दप्तरावर आहे तसा. आमच्याला पंधरा-वीस हात आणि अंगभर काटे, तुमच्या गोधडी शिवायच्या सुईएवढे. नाव काटेरी मुकुट, आम्ही नुसतं मुकुट म्हणतो. जेवायच्या ताटाएवढा असतो, कधी त्याहून मोठा. रंग राखाडी, त्यात जांभळट झाक, काट्यांची टोकं लालसर. असं कापड दुकानात आलं असतं तर तुम्ही दोनदा हात फिरवून पाहिलं असतं. डोकं नाही, मेंदू नाही, रक्तही नाही, अंगात समुद्राचंच पाणी खेळतं. प्रत्येक हाताच्या टोकाला एक बारीकसा डोळा, त्याने अंधुक दिसतं. एवढ्या भांडवलावर त्याचं उत्तम चाललंय.

त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. प्रवाळावर चढतो, ऐसपैस बसतो आणि पोटच तोंडातून बाहेर काढून प्रवाळावर अंथरतो. आपण घास पोटाकडे नेतो, हा पोट घासाकडे नेतो. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी त्याच्यावर इवल्या इवल्या जिवांचा पातळ थर असतो, कातडीसारखा. मुकुट तो थर तिथल्या तिथे पचवतो, रस ओढून घेतो, पोट आत घेतो आणि पुढच्या घराकडे निघतो. हे सगळं सावकाश चालतं, सहसा रात्री. सकाळी आम्ही उतरलो की पांढरे चट्टे दिसतात, धुतल्यासारखे स्वच्छ. चट्टा ताजा असला की आम्ही आजूबाजूच्या कपारींत बघतो. जेवून झोपलेला मुकुट तिथेच कुठेतरी सापडतो.

तुम्ही लगेच त्याला शिव्या घालाल, पण थांबा. तो मुळात वाईट नाही. थोडे असले तर उपयोगाचेच. भराभर वाढून सगळी जागा बळकावणारं जे प्रवाळ असतं ना, ते त्यांना फार आवडतं. ते त्यांनी खाल्लं की हळू वाढणाऱ्याला जरा हातपाय पसरता येतात. पंचाईत होते ती ते वाढतात तेव्हा. एका मादीने अंडी सोडली की पाण्यातून इतरांना ते कळतं आणि आसपासचे सगळे एकदम सुरू होतात. एकेकीची कोटींनी अंडी. त्यातली थोडी जरी तगली, तरी काही वर्षांनी डोंगरच्या डोंगर पांढरा करून टाकतात. (पाण्याखाली डोंगर असतात, हे मुंगीला सांगा.)

पिल्लांचं तर ऐकण्यासारखं आहे. ती प्रवाळ खातच नाहीत. नखाएवढी असतात, मोडक्या तुकड्यांच्या खाली लपून गुलाबी शेवाळ खरवडत बसतात. थोडी मोठी झाली की प्रवाळाकडे वळतात. पण जवळपास प्रवाळच नसेल, तर तशीच लहान राहतात, वर्षानुवर्षं. प्रवाळ पुन्हा उगवलं की ही बाहेर येऊन खायला लागतात आणि मग वाढतात. म्हणून आम्ही एखादी जागा साफ करून आलो, तरी खरंच साफ झाली असं छातीवर हात ठेवून कोणी म्हणत नाही.

मारायचं कसं, तर लांब नळीची पिचकारी आणि साधं व्हिनेगर. एक टोचणी पुरते, दोन दिवसांत तो विरघळून जातो. तुम्ही मागे म्हणाला होतात, "एवढी खटपट कशाला, माझी मोठी कात्री घेऊन जा." कात्री चालत नाही, आई. कापलेला मुकुट जगतो आणि गेलेले हात पुन्हा उगवून घेतो.

हात दुखायला लागला. आज इथेच थांबते.

बुधवार

काल सगळं सांगितलं, पण जे सांगायला बसले होते तेच राहिलं. ते खेकडीचं आहे.

फांद्या-फांद्यांच्या प्रवाळात एक खेकडा राहतो, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. बहुतेक वेळा नर आणि मादी जोडीने असतात. आपल्याकडे खेकड्याचं नाव घेतलं की लोक म्हणतात, दुसऱ्याचा पाय ओढणारा. पाय ओढतो हे खरंच आहे, पण कोणाचा ते बघा. मुकुट त्या प्रवाळावर चढायला लागला, की हा दाराशी येतो. मुकुटाच्या खालच्या बाजूला शेकडो मऊ पाय असतात, नळीसारखे. खेकडा ते एकेक पकडून चिमटतो. काटा हाताशी आला तर मोडतो. मुकुट ताटाएवढा आणि हा नखाएवढा, आणि तरी पुष्कळदा मुकुटच कंटाळून शेजारच्या प्रवाळाकडे वळतो.

हे मी इतक्या वर्षांत ऐकलं होतं, डोळ्यांनी नीट पाहिलं नव्हतं, कारण आम्ही मुकुट दिसला की टोचतो. गेल्या आठवड्यात दिसलं. मुकुट अर्धा चढलेला, आणि खाली एक खेकडी, पोटाशी अंडी होती म्हणून खेकडी म्हणते. ती अशी काही भिडली होती की माझ्याने पिचकारी पुढे करवेना. वाटलं, बघू तर कोण जिंकतं. मास्तर हाताने खुणावत होते, टोच, टोच. मी त्यांना खूण केली, थांबा. कामाच्या वेळी तमाशा बघत बसले, दुसरं काय.

जिंकली ती. मुकुटाने एक हात उचलला, मग दुसरा, आणि मग सगळंच अंग मागे घ्यायला लागला. मला इतका आनंद झाला की पाण्याच्या हेलकाव्यात तोल सावरायला मी शेजारच्या कपारीवर हात टेकला, आणि आत बघितलं नाही. कपारीत दुसरा होता.

तर आता खरं सांगते. बोट हलत नाहीये. मी किनाऱ्यावर आहे, दवाखान्याच्या खोलीत, खिडकीशी. अक्षर वाकडं आहे कारण उजवं मनगट सुजलंय आणि पेन दोन बोटांत धरून लिहितेय. हातमोज्यांना तुम्ही आतून चामडं शिवून दिलं होतंत, ते भक्कम आहे, त्यातून काही गेलं नाही. काटा गेला तो मोजा संपतो तिथे. "मनगट उघडं कशाला ठेवलंस?" असं तुम्ही म्हणणार. बाही वर सरकली होती.

आता मी बरी आहे. आधी वाक्य पुरं वाचा, मग खुर्चीत बसा. बरी आहे. मुकुटाचा काटा विषारी, तो मला पूर्वीही एकदा लागला होता, तेव्हा नुसती आग आणि ओकाऱ्या झाल्या होत्या, गरम पाण्यात हात धरून भागलं होतं. तुम्हाला तेव्हा पाय मुरगळला असं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा लागला की अंग जास्त चिडतं, या वेळी तसंच झालं. वर येईपर्यंत श्वास अडकायला लागला, ओठ सुजले. मास्तरांनी मला ओढून बोटीवर घेतलं आणि मांडीत सुई दिली. बोटीवरच्या औषधाच्या पेटीतली सुई कशी द्यायची हे त्यांनी शिकून ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे त्यांना त्यावरून चिडवायचो. आता कोणी चिडवत नाही.

दवाखान्यात शुद्ध होती, पण सगळं लांबून ऐकू येत होतं. सिस्टर विचारत होत्या, "जवळचं माणूस कोण? कोणाला कळवायचं?"

मी म्हटलं, "सासू."

"मिस्टरांना कळवू?"

"मिस्टर नाहीत. म्हणजे आहेत, पण माझे नाहीत. वेगळे झालो."

त्यांनी पेन थांबवलं. "नवरा नाही, मग सासू कुठून आली?"

मास्तर कोपऱ्यातून म्हणाले, "सिस्टर, ती लांबलचक भानगड आहे. तुम्ही सासू लिहा."

मला त्या अवस्थेत हसू आलं आणि हसल्यामुळे खोकला आला, म्हणून सगळ्यांची पुन्हा धावपळ. पण नंतर मीच म्हटलं, सासूबाईंना कळवू नका. मास्तरांना ते मुळीच पटलं नाही. कारण मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला उद्या सांगते. आज सिस्टरनी पेन काढून घ्यायची धमकी दिली आहे.

गुरुवार

कारण असं आहे. हे सगळं होण्याच्या आदल्या रविवारी तुमच्या मुलाचा मला फोन आला होता.

त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. चांगला बोलला. म्हणाला, बाळ येणार आहे, बायकोची तब्येत नाजूक आहे, घरात मोठं माणूस हवं. "आईला इकडे पाठव. कायमची. वरची खोली तिच्यासाठीच ठेवली आहे. तू सांगितलंस तर ती येईल."

मी म्हटलं, "आईंनाच विचार. त्या काही तू माझ्याकडे ठेवून गेलेली पेटी नाहीत."

"विचारलं. 'बघते' म्हणाली."

मला तेव्हाच धस्स झालं. कारण तुमचं 'बघते' मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं की तुम्ही तोंडावर नाही म्हणता. 'बघते' म्हटलेला कपडा तुम्ही आजवर शिवून दिला नाही असं झालेलं नाही. आणि मग मुंगीने गरम कपड्यांचं सांगितलं. तो राहतो तिथे थंडी लवकर पडते, हे मलाही ठाऊक आहे.

तुम्ही मला काही बोलला नाहीत, मी तुम्हाला काही विचारलं नाही. दोघी फोनवर मुंगीच्या दाताबद्दल बोलत राहिलो.

म्हणून मी तुम्हाला कळवू दिलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही कपडे परत कपाटात ठेवले असते आणि एक अक्षर बोलला नसता. असं मला तुम्हाला अडकवायचं नव्हतं. माझ्या सुजलेल्या हाताच्या कीवेने तुम्ही राहावं, हे मला नको होतं. मग आता का सांगतेय? कारण पत्र लिहायला बसले आणि कळलं की तुमच्याशी खोटं मला तीन ओळींपलीकडे जमत नाही.

त्या खेकडीकडे बघताना मला तुम्ही दिसलात, आई. रागावू नका. तुमचा मुलगा घर सोडून गेल्यावर त्याचे काका आणि आणखी दोघे-तिघे नातेवाईक मला समजवायला आले होते, आठवतं? मी म्हणे जरा नमतं घेतलं असतं, तर तो राहिला असता. मुंगी पाळण्यात. मी कोपऱ्यात उभी. तुम्ही मशीनवर होतात, तोंडात टाचण्या. त्या तशाच धरून तुम्ही म्हणालात, "भाऊजी, उठा. तुम्ही बसलाय ती माझी बाही आहे." ते सरकले. "आता तिथे गळा आहे." ते पुन्हा सरकले. शेवटी तिथे बसायला जागाच उरली नाही आणि मंडळी गेली. दार लावून तुम्ही टाचण्या काढल्या आणि मला म्हणालात, "मी इथेच राहणार आहे. माझं दुकान इथे आहे." तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, मुंगीचंही नाही. दुकानाचं निमित्त पुढे केलंत. मला तेव्हाही ते कळलं होतं.

नंतर मी पाण्यात उतरायचं शिकायला जाते म्हटलं, तर सगळ्यांनी डोक्याला हात लावला. या वयात, लहान मूल टाकून. तुम्ही फक्त विचारलंत, "पोहता येतं ना? मग जा." मी आठवडे आठवडे समुद्रावर असताना मुंगीचे ताप तुम्ही काढलेत, तिला वाचायला तुम्ही शिकवलंत, तिच्या बाईंशी भांडायलाही तुम्हीच गेलात. माझ्या आयुष्यात जे काही उभं आहे ते तुमच्या जोरावर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "पुरे" म्हणून मशीन सुरू केली असती. म्हणून इथे लिहिते, कारण इथे तुम्हाला मला थांबवता येत नाही. मी तुमची फार, फार ऋणी आहे.

एक गोष्ट मात्र मला दोन दिवस छळतेय. ती खेकडी काही फुकट लढत नाही. प्रवाळ तिला घर देतं, खायला देतं, तिचं सगळं तिथेच भागतं. मग तुम्हाला आमच्याकडून काय मिळालं? मी पडल्या पडल्या आठवतेय. मी घरी असले की तुमचे दोरे सुईत ओवून देते, एवढंच ठळक आठवतं. आणि एकदा तुम्ही म्हणाला होतात, घरात कोणी वावरत असलं की मला काम सुचतं. ते तुम्ही सहज म्हणालात. मी मात्र ते धरून ठेवलंय, कारण दुसरं काही सापडत नाही.

आता राहिलेली बातमी. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा काटा लागला तर भरवसा नाही. तेव्हा खाली जाणं संपलं. परवा थोडी रडले, आता नाही. आमच्या प्रवाळ केंद्राने मला किनाऱ्यावरच्या टाक्यांच्या खोलीत काम दिलंय. तिथे मुकुटाची पिल्लं वाढवतात, तीच नखाएवढी, शेवाळ खाणारी. काचेच्या बाहेरून बघायचं, चिमट्याने उचलायचं. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी घरी. म्हणजे मुंगीजवळ रोज मी असेन. हे मुद्दाम स्पष्ट लिहितेय, कारण आमच्यासाठी राहायलाच हवं असं आता काही उरलेलं नाही. तुम्ही अगदी मोकळ्या आहात.

इथवर लिहून पत्र संपवायचं, असं मी ठरवलं होतं. 'खुशाल जा, आमची काळजी करू नका' हे वाक्यही तयार होतं. पण ते खोटं आहे, आणि आज चौथी ओळ कधीच उलटून गेली.

बाळाकडे जा. त्या बाळाने कोणाचं काय वाकडं केलंय? आणि ती पोरगीही बिचारी घाबरली असेल, मी घाबरले होते तशीच. दोन महिने राहा, चार महिने राहा, त्यांना जमेपर्यंत राहा. बाळाला तुमच्या हातची झबली शिवा. पण ती वरची खोली घेऊ नका, आई. तिथे पाहुणी म्हणून जा आणि घरी म्हणून इथे या. हे मी गरज आहे म्हणून मागत नाही, गरज आता संपली. तुम्ही मला हव्या आहात म्हणून मागते. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर वर आपल्या खिडकीत दिवा असावा आणि मशीनचा आवाज जिन्यात ऐकू यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शनिवारी सोडणार आहेत. मास्तर घरापर्यंत पोचवतील. कोर्टाचा कागद आल्यापासून मी तुमची कोण, हे मला कोणी नीट सांगू शकलेलं नाही. सिस्टरनी मात्र मी सांगितलं तेच लिहून घेतलं, आणि मीही इथे तेच लिहिते.

अजूनही तुमची,
सून